कॉलेजच्या लिनक्स मशीनवरचा क्यूजीआयएस घरच्या लॅपटॉपवर कसा उघडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घर साताऱ्यात, लॅपटॉप विंडोजचा आणि प्रकल्पाचं सगळं काम सांगलीच्या कॉलेजातल्या उबुंटू मशीनवर. एसएसएचने (दूरच्या मशीनवर नेटवरून लॉगिन करायच्या सोयीने) आत जाता येतं, फाइली दिसतात, कमांड चालतात. पण क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्रॅम सुरू केला की ‘कुड नॉट कनेक्ट टू डिस्प्ले’ असं येऊन तो तिथेच बंद पडतो. मित्राच्या सांगण्यावरून डिस्प्लेची किंमत ‘कोलन शून्य’ केलीत, तरी लॅपटॉपवर काहीच उमटत नाही. मग नकाशा बघायला दर वेळी एसटीने सांगलीला जायचं का?

नाही, जायची गरज नाही. मी सांगलीत विश्रामबागला एका छोट्या नकाशा-ऑफिसात काम करते. ताकारी आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रातल्या गावांचे नकाशे, विहिरींच्या नोंदी, द्राक्षबागांची मोजणी असं आमचं काम असतं. २०२० च्या मार्चअखेरीस लॉकडाऊन लागला तेव्हा मी पलूसला घरी होते आणि ३२ जीबी रॅमचं मशीन, उपग्रहाची चित्रं, जुने सर्व्हे नंबरचे स्कॅन असं सगळं ऑफिसात राहिलं. तेव्हापासून आठवड्यातले दोन-तीन दिवस मी घरूनच त्या मशीनवर काम करते. पुढे सांगते आहे ते सगळं रोज हाताखालून जाणारं आहे.

कमांड मी देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा. जिथे ‘मोठा’ म्हटलं आहे तिथे कॅपिटल अक्षर.

आधी तो संदेश काय म्हणतो ते पाहू. क्यूजीआयएसचं काही बिघडलेलं नाही. तो एवढंच विचारतो आहे की ‘मी विंडो काढू कुठे?’ लिनक्सवर विंडो काढण्याचं काम वर्षानुवर्षं एक्स विंडो सिस्टीम करत आली आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये अथेना प्रकल्पात १९८४ साली ती सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स-इलेव्हन, १९८७ मध्ये आली. त्या लोकांपुढे नेमका तुमचाच प्रश्न होता. कॉलेजभर वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन्स, आणि विद्यार्थ्याला कुठल्याही टेबलावर बसून कुठल्याही मशीनवरचा प्रोग्रॅम वापरता यायला हवा. म्हणून त्यांनी प्रोग्रॅम आणि स्क्रीन यांची पहिल्यापासूनच फारकत केली. प्रोग्रॅम एका संगणकावर चालेल, त्याची विंडो दुसऱ्यावर दिसेल, आणि दोघांमधलं बोलणं नेटवर्कवरून होईल.

इथे एका शब्दापाशी बहुतेक जण अडखळतात. एक्समध्ये सर्व्हर म्हणजे तुमच्या समोरचा लॅपटॉप! स्क्रीन, कीबोर्ड, माउस या गोष्टी ज्याच्याकडे आहेत आणि जो त्या दुसऱ्याला वापरायला देतो, तो सर्व्हर. सांगलीच्या मशीनवरचा क्यूजीआयएस हा त्याचा क्लायंट, म्हणजे ती स्क्रीन वापरणारा. एसएसएचच्या बाबतीत मात्र सर्व्हर सांगलीत आणि क्लायंट तुमच्याकडे. एकाच कामात दोन नाती, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. मला हे नीट उमगायला बरेच दिवस लागले, आणि उमगल्यावर निम्मे प्रश्न जागेवर सुटले.

सांगलीची हळद हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली भरलेली असायची आणि पेठेत यायचा तो नमुना. सौदा नमुन्यावर व्हायचा, पोती जागची हलायची नाहीत. इथेही तसंच आहे. चाळीस जीबीची चित्रं सांगलीतच राहतात, गणित सांगलीतलाच प्रोसेसर करतो, साताऱ्याला येते ती फक्त विंडो.

आता मित्राच्या सल्ल्याबद्दल. डिस्प्ले नावाच्या व्हेरिएबलमध्ये स्क्रीनचा पत्ता असतो. ‘कोलन शून्य’ म्हणजे ‘याच मशीनची पहिली स्क्रीन’. तुम्ही ती कमांड सांगलीच्या मशीनवर दिलीत, तेव्हा ‘याच’ म्हणजे सांगलीचं. त्या वेळी लॅबमध्ये तुमच्याच नावाने कुणी स्क्रीनवर लॉगिन करून ठेवलं असेल, तर तुमचा क्यूजीआयएस तिथल्या मॉनिटरवर मोठ्या थाटात उघडला असेल आणि तुम्ही इकडे वाट बघत बसला असाल. (ही गोष्ट मुद्दाम वापरताही येते. ऑफिसातल्या स्क्रीनवर एखादा नकाशा उघडून ठेवायचा असेल तर मी पलूसहून असंच करते.) पण तुमच्या कामाला ते उपयोगी नाही. शिवाय ती ओळ तुम्ही लॉगिन करताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या ‘डॉट बॅशआरसी’ फाइलमध्ये टाकून ठेवली असेल तर आजच काढा. ती तिथे राहिली तर मी पुढे सांगते ते सगळं बरोबर करूनही चालणार नाही, कारण एसएसएच योग्य पत्ता भरेल आणि ती ओळ तो पुसून टाकेल.

योग्य रस्ता असा. एसएसएचचा जो बोगदा तुम्ही लॉगिनसाठी आधीच वापरता, त्याच बोगद्यातून एक्सचं बोलणं न्यायचं. त्याला एक्स-इलेव्हन फॉरवर्डिंग म्हणतात. बोगद्यातलं सगळं कुलूपबंद असतं. पूर्वी लोक डिस्प्लेमध्ये आपल्या मशीनचा आयपी लिहून थेट ६००० क्रमांकाच्या पोर्टवरून हे करायचे, जुन्या पुस्तकांत अजून तसंच सापडतं. त्यात वाटेवरचा कुणीही वाचू शकतो, आणि आताचे एक्स सर्व्हर तो दरवाजा सहसा बंदच ठेवतात. त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्या विंडोजमध्ये एक्स सर्व्हर आयता नसतो, तो बसवावा लागतो. सुरुवात मोबाएक्सटर्मपासून करा. त्याच्या मोफत आवृत्तीत एसएसएच आणि एक्स सर्व्हर दोन्ही एकत्र येतात आणि फॉरवर्डिंग आधीपासून चालू असतं. एसएसएचसाठी पुटी या प्रोग्रॅमची सवय असेल तर सोबत व्हीसीएक्सएसआरव्ही हा एक्स सर्व्हर बसवा, आधी तो सुरू करा, आणि पुटीच्या सेटिंगमध्ये कनेक्शन, त्याखाली एसएसएच, त्याखाली एक्स-इलेव्हन असं जाऊन ‘एनेबल एक्स-इलेव्हन फॉरवर्डिंग’वर टिक करा. व्हीसीएक्सएसआरव्ही सुरू होताना ‘डिसेबल अ‍ॅक्सेस कंट्रोल’ अशी एक चौकट दाखवतो. बरेच व्हिडिओ ती टिक करायला सांगतात. करू नका, बोगद्यातून येणाऱ्याला तिची गरज नसते. विंडोज ११ वर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घेतलं असेल तर त्यात लिनक्सच्या विंडो दाखवायची सोय आतच आहे, मग उबुंटूच्या टर्मिनलमधून नेहमीची कमांड द्यायची:

एसएसएच -एक्स नाव@पत्ता

यातला एक्स मोठा. लहान एक्स दिलात तर उलट फॉरवर्डिंग बंद होतं, ही चूक फार जण करतात.

आत गेल्यावर लगेच क्यूजीआयएस उघडू नका. आधी विचारा:

एको $डिस्प्ले

इथे डिस्प्लेची सगळी अक्षरं मोठी. उत्तर ‘लोकलहोस्ट:१०.०’ असं काहीतरी आलं पाहिजे. दहा का? मशीनच्या स्वतःच्या स्क्रीन शून्य, एक अशा क्रमांकांनी असतात, त्यांच्याशी गल्लत नको म्हणून एसएसएच दहापासून मोजायला लागतं. म्हणजे सांगलीच्या मशीनवर एसएसएचने एक खोटी स्क्रीन उभी केली आहे, तिच्यावर जे काढलं जाईल ते बोगद्यातून तुमच्याकडे येईल. हा पत्ता स्वतः कधीही भरायचा नाही, एसएसएचलाच भरू द्यायचा.

पत्ता आला की छोटा प्रोग्रॅम उघडून पाहा. मी एक्सआइज वापरते, उबुंटूच्या ‘एक्स-इलेव्हन-अ‍ॅप्स’ पॅकेजमध्ये तो असतो. एका छोट्या खिडकीत दोन डोळे, आणि माउस जाईल तिकडे त्यांची बुबुळं वळतात. एप्रिल २०२० मधली ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. पलूसच्या माडीवर, रेंज मिळावी म्हणून खिडकीत मोबाइल ठेवलेला, आणि लॅपटॉपवर ते दोन डोळे उघडले. मी माउस डावीकडे नेला, डोळे डावीकडे. वर नेला, वर. बघणारा प्रोग्रॅम विश्रामबागच्या कुलूपबंद ऑफिसात चालत होता. मी आईला हाक मारून दाखवलं. तुमच्या लॅपटॉपवर वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था) असलं तर डोळे फक्त त्यांच्या खिडकीवर माउस आला तरच हलतात, त्याची काळजी करू नका. खिडकी उघडली म्हणजे रस्ता मोकळा आहे. तिकडच्या मशीनला मॉनिटर जोडलेला असण्याचीही गरज नाही.

डिस्प्ले रिकामा आला, किंवा लॉगिन होताना ‘एक्स-इलेव्हन फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसलं, तर अडचण सांगलीच्या बाजूला आहे आणि ती लॅब सांभाळणाऱ्या सरांनाच सोडवावी लागेल. त्यांना दोन गोष्टी विचारा: एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘एक्स-इलेव्हन-फॉरवर्डिंग’पुढे ‘येस’ आहे का, आणि ‘एक्सऑथ’ हा छोटा प्रोग्रॅम बसवलेला आहे का. उबुंटूत पहिली गोष्ट सहसा असतेच. दुसरी कधीकधी नसते, विशेषतः मशीन सर्व्हर म्हणून कमीत कमी पॅकेजं टाकून बसवलं असेल तर. एक्सऑथचं काम पासचं आहे. ज्याच्याकडे एक गुप्त आकडा आहे त्यालाच स्क्रीनवर काढू द्यायचं. हा आकडा तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट एक्सऑथॉरिटी’ फाइलमध्ये लिहिला जातो.

त्या फाइलपायी माझी एक सकाळ गेली आहे. आदल्या दिवशीपर्यंत सगळं छान चालत होतं आणि त्या दिवशी एकही विंडो उघडेना. मी सेटिंग तपासली, राउटर बंद-चालू केला, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना फोन करून मशीन बंद-चालू करायला लावलं. दोन तास गेले. मग लॉगिनच्या वेळी वर सरकून जाणारी एक ओळ वाचली: एक्सऑथला फाइल लिहिता येत नव्हती. डिस्क शंभर टक्के भरली होती! आदल्या रात्री मी एक मोठं चित्र कापायला लावलं होतं आणि त्याच्या तात्पुरत्या फाइलींनी होम फोल्डर तुडुंब झालं होतं. त्या पुसल्या आणि विंडो उघडली. कॉलेजच्या मशीनवर अनेकदा प्रत्येक विद्यार्थ्याला जागेची मर्यादा असते, तुमच्या बाबतीत हे घडण्याची शक्यता माझ्याहून जास्त. विंडो अचानक उघडेनाशी झाली तर आधी ‘डीएफ -एच’ देऊन जागा बघा. मर्यादा लावलेली असेल तर ‘कोटा’ ही कमांडही देऊन पाहा.

आता वेगाबद्दल मोकळेपणाने सांगते, नाहीतर क्यूजीआयएस उघडल्यावर तुम्ही निराश व्हाल. एक्स अशा काळात जन्मला की तेव्हाचे प्रोग्रॅम ‘इथून तिथे रेघ काढ’, ‘इथे हे अक्षर लिही’ असे छोटे निरोप पाठवायचे. आताचे प्रोग्रॅम आपली विंडो स्वतःच रंगवतात आणि आख्खं चित्र पाठवतात. हिशोब करून बघा: १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे एका पूर्ण स्क्रीनला सुमारे ८३ लाख बाइट. चित्र सांगलीहून निघतं, म्हणून तिथला अपलोड महत्त्वाचा, तुमचा डाउनलोड नाही. तिथे अपलोड दहा एमबीपीएस असेल तर एका चित्राला साडेसहा सेकंद लागतील. नकाशा हाताने ओढताना अशी कितीतरी चित्रं निघतात.

दुसरा खर्च फेऱ्यांचा. मेनू उघडताना प्रोग्रॅम स्क्रीनला एक गोष्ट विचारतो, उत्तराची वाट बघतो, मग दुसरी विचारतो. पलूसहून ऑफिसला एक फेरी साधारण सत्तर मिलिसेकंदांची पडते. पन्नास फेऱ्या लागल्या तर साडेतीन सेकंद गेले, आणि ते कितीही जाड नेट घेतलं तरी कमी होत नाहीत. कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवर हीच विंडो लोण्यासारखी चालते, कारण तिथे फेरी एका मिलिसेकंदाच्या आतली असते.

एसएसएचला मोठा सी दिलात (‘-सी’) तर वाटेत माहिती दाबून पाठवली जाते. सपाट रंगांच्या नकाशाला, गावांच्या सीमांना, त्याने चांगला फरक पडतो. उपग्रहाच्या चित्राला फारसा नाही, त्यात दाबण्यासारखं एकसारखं काही नसतंच.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की जड काम विंडोत करायचंच नाही. चित्र कापणं, जोडणं, प्रोजेक्शन बदलणं हे ‘जीडालवार्प’सारख्या कमांडनी टर्मिनलमधूनच होतं. क्यूजीआयएसची स्वतःची साधनंसुद्धा ३.१४ आवृत्तीपासून ‘क्यूजीआयएस_प्रोसेस’ नावाने विंडोशिवाय चालवता येतात. हे सगळं मी टीमक्समध्ये, म्हणजे लॉगिन तुटलं तरी टर्मिनल जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लावून देते. नेट गेलं तरी तिकडे काम चालू राहतं. विंडो उघडते ती निकाल डोळ्यांनी तपासायला आणि हाताने रेघा दुरुस्त करायला.

आणि जेव्हा हाताचं काम लांबलचक असतं, तेव्हा साधं फॉरवर्डिंग वापरू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण मी भोगलं आहे. जत तालुक्यातल्या एका गावाच्या विहिरींचे ठिपके मी सकाळपासून टाकत होते, दोनशेच्या वर झाले होते. दुपारी लाइट गेली, राउटर बंद पडला, एसएसएच तुटलं. फॉरवर्डिंगमध्ये स्क्रीनशी नातं तुटलं की प्रोग्रॅम तिथल्या तिथे मरतो. सेव्ह केलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या विहिरीपासून सुरुवात.

त्यावर उपाय म्हणजे एक्सप्रा हा प्रोग्रॅम. तो सांगलीच्या मशीनवर एक अदृश्य स्क्रीन उभी करतो, क्यूजीआयएस तिच्यावर चालतो, आणि तुमच्याकडे त्या विंडोचं दाबलेलं चित्र येतं. नेट गेलं तर फक्त तुमचं बघणं थांबतं. तिकडे क्यूजीआयएस अर्धवट काढलेल्या रेघेसकट तसाच उभा असतो. दोन्ही मशीनवर तो बसवावा लागतो, विंडोजसाठीही मिळतो. पहिल्यांदा:

एक्सप्रा स्टार्ट एसएसएच://नाव@पत्ता/१०० --स्टार्ट=क्यूजीआयएस

आणि नेट परत आल्यावर:

एक्सप्रा अ‍ॅटॅच एसएसएच://नाव@पत्ता/१००

शंभर हा मी ठरवलेला स्क्रीनचा क्रमांक. कॉलेजच्या मशीनवर दुसऱ्या कुणी तो घेतला असेल तर वेगळा घ्या. फेऱ्यांचा खर्चही यात बराच वाचतो, कारण प्रोग्रॅमची प्रश्नोत्तरं सांगलीतल्या सांगलीत उरकतात. मोबाइलच्या नेटवर उपग्रहाचं चित्र हलवताना थोडं धुरकट दिसतं आणि हात थांबला की स्वच्छ होतं. साताऱ्याहून काम करताना मी तुमच्या जागी असते तर पहिल्या दिवसापासून एक्सप्राच लावून घेतला असता, आणि साधं फॉरवर्डिंग पाच मिनिटांच्या पाहणीपुरतं ठेवलं असतं. व्हीएनसी नावाच्या सोयीने पूर्ण डेस्कटॉपही आणता येतो, पण तुम्हाला एकच प्रोग्रॅम हवा आहे, त्यासाठी आख्खं टेबल कशाला उचलायचं.

सुरक्षेचं एकच सांगते. एसएसएचला मोठा एक्स देता येतो तसा मोठा वायही देता येतो. वाय म्हणजे समोरच्या मशीनवर पूर्ण विश्वास. तिथला प्रोग्रॅम तुमच्या एक्स स्क्रीनवरच्या इतर विंडोंत काय टाइप होतं तेही वाचू शकतो. मोठा एक्स याला आळा घालण्यासाठी आहे, पण डेबियन आणि उबुंटूमध्ये मोठ्या एक्सचा अर्थही मुळात वायसारखाच लावून ठेवला आहे, कारण बंधन घातलं की बरेच प्रोग्रॅम कोसळतात. इतर काही लिनक्सवर मोठा एक्स खरोखर बंधनाचा असतो, आणि तिथे वीस मिनिटांनंतर नवीन विंडो उघडायला नकार मिळतो. कॉलेजचं मशीन अनेकांच्या हातातलं असतं, तेव्हा पुढे कधी लिनक्सच्या लॅपटॉपवरून हे कराल तर त्या वेळी शेजारी बँकेचं काही उघडं ठेवू नका. आणि कुणी ‘एक्सहोस्ट +’ द्यायला सांगितलं तर देऊ नका. त्याने तो पास बघणारा पहारेकरीच घरी जातो, आणि तुमच्या अडचणीशी त्याचा काही संबंध नाही.

तेव्हा आज रात्री एवढंच करा: बॅशआरसीमधली ती ओळ काढा, मोबाएक्सटर्म बसवा, लॉगिन करून डिस्प्ले विचारा आणि एक्सआइज उघडून बघा. क्यूजीआयएस उद्या. डोळे उघडले नाहीत, तर मोबाएक्सटर्मच्या टर्मिनलमधून ‘एसएसएच -व्ही -एक्स नाव@पत्ता’ देऊन (व्ही लहान, एक्स मोठा) लॉगिन करा आणि ज्या ओळींत एक्स-इलेव्हन किंवा एक्सऑथ हे शब्द येतील तेवढ्या मला पाठवा. युजरनेम आणि आयपी खोडून.